आज काय फुललं?

बागेची चावी मी ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधते. सकाळी फाटक उघडायचं, दुपारी लावायचं, संध्याकाळी पुन्हा उघडायचं आणि रात्री शेवटचा माणूस बाहेर पडला की कुलूप घालून घरी जायचं. अकरा वर्षांत हे इतक्या वेळा केलं होतं की हात आपोआप कुलपाकडे जायचा. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे बाग बंद ठेवायचा निरोप आला. त्या दिवशी पहिल्यांदाच मी फाटकाला कुलूप लावलं ते आतून.

मी तळवलीजवळच्या महापालिकेच्या एका लहानशा बागेवर कंत्राटदारातर्फे देखरेखीचं काम करते. कृषी पदविका झालेली, माहेर जुन्नरकडचं, नवऱ्याची रिक्षा. तळवली म्हणजे घणसोली आणि रबाळे यांच्या मधलं आगरी गाव. एका अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्याच्या पलीकडे एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला घणसोलीचे सेक्टर आणि पुढे खाडी. गावठाणात इमारती एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या आहेत की शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आपण गॅस बंद करावा. एका खोलीत पाच-पाच, सहा-सहा माणसं. अशा ठिकाणी बाग ही हौसेची गोष्ट राहत नाही. ते अख्ख्या वस्तीचं अंगण असतं. म्हातारी माणसं तिथे येऊन पाय मोकळे करतात, पोरं अभ्यासाला बसतात, सासुरवाशिणी फोनवर आईशी मनातलं बोलतात. दुपारी बाग बंद करताना मला कितीदा तरी बाकावरून उठवायला लागणाऱ्या बायकांचं वाईट वाटलं आहे.

२४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी गुढीपाडवा होता. आमच्या बागेत कुंपणालगत एक मोठा कडुनिंब आहे. दर पाडव्याला फाटक उघडायच्या आधीच त्याच्या खालच्या फांद्या ओरबाडलेल्या असतात आणि दर पाडव्याला मी त्यावरून कुणाशी तरी भांडते. त्या सकाळी पोचले तर कठड्याबाहेर सात-आठ माणसं तोंडाला रुमाल बांधून, लांब लांब उभी होती. कुणी फांदीला हात लावला नव्हता. कुणी काही मागतही नव्हतं, नुसती झाडाकडे बघत होती. माळीमामांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्यांनी आकडी लावून डहाळ्या उतरवल्या, आम्ही त्या कठड्यावर ओळीने मांडल्या आणि मागे सरलो. एकेक जण पुढे आला, एकेक डहाळी उचलली, लांबून हात जोडले आणि गेला. पाच मिनिटांत रस्ता रिकामा.

माणसांना टाळेबंदी होती, झाडांच्या तहानेला नव्हती. एप्रिलच्या उन्हात चार दिवस पाणी चुकलं की हिरवळ करपते, नवी रोपं तर दुसऱ्या दिवशीच माना टाकतात. म्हणून पाणी देण्यापुरती दोघांना परवानगी मिळाली, मला आणि माळीमामांना, कारण आम्ही चालत येण्याच्या अंतरावर राहायचो. बाकीचे दोघे दिव्याहून लोकलने यायचे, गाड्याच बंद झाल्या.

खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस मला बागेची भीती वाटली. लोक म्हणायचे, तुझं बरं आहे, एवढी हिरवाई तुला एकटीला. पण झोपाळ्यांच्या साखळ्या दोरीने बांधलेल्या, घसरगुंडीवर पाचोळा साचलेला, फिरायच्या वाटेवर मुंग्यांची वारुळं. एमआयडीसीचा दिवसरात्रीचा घरघराट थांबला होता. तो आवाज असतो हेच मी विसरले होते, थांबल्यावर कळलं. त्या शांततेत तांबट पक्ष्याचा टुक-टुक आवाज डोक्यात घण घातल्यासारखा वाजायचा. घरी रिक्षा दाराशी उभी, मुलगा नववीत, पगार किती आणि कधी येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पाइप धरून मी एकाच आळ्यात इतका वेळ पाणी सोडायची की मामा हाक मारून भानावर आणायचे.

एप्रिलच्या मध्यावर सिस्टर पहिल्यांदा दिसल्या.

सकाळी साडेसातच्या सुमाराला कर्मचाऱ्यांची बस त्यांना रस्त्यावर सोडायची. वाशीच्या एका रुग्णालयात रात्रपाळी करून त्या यायच्या. घर समोरच्याच सेक्टरमध्ये, पण त्या सरळ घरी जात नसत. बकुळीजवळ कठड्याबाहेर दहा मिनिटं उभ्या राहत. चेहऱ्यावर मास्कचे वळ, कानामागे कातडी सोललेली, खांद्याला पिशवी. घरी तीन वर्षांची मुलगी होती. आत गेल्याबरोबर ती पायांना मिठी मारायला धावते आणि आंघोळ होईपर्यंत तिला अडवायला लागतं, ते दार उघडण्याआधी थोडं बळ गोळा करायला त्या तिथे थांबायच्या. हे त्यांनी मला खूप नंतर सांगितलं. पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, “ताई, आज काय फुललं?”

मी गडबडले. बाग माझ्या हाताखालची, आणि मला सांगता येईना. “बघते, उद्या सांगते,” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्या यायच्या आधी मी सगळी बाग फिरून आले. सोनमोहराखाली पिवळा सडा पडला होता. मोगऱ्याला आठ-दहा कळ्या होत्या. सिस्टर आल्यावर सांगितलं, त्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि गेल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. मग मला रोज उत्तर शोधायला लागलं. आदल्या दिवशीचंच सांगणं मला पटेना. करंजाला तुरे आलेत. ताम्हणीची पहिली जांभळी पाकळी उलगडली. देवचाफ्याच्या एका फांदीवर पान एकही नाही आणि टोकाला पाच फुलं. एके दिवशी खरंच नवीन काही सापडेना. तेव्हा हिरवळीत गुडघ्यावर बसले तर एकदांडी दिसली. एवढंसं पिवळं गोंडेदार डोकं, कडेला पाच पांढुरक्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन बारीक दाते. अकरा वर्षं मी ती तण म्हणून खुरप्याने उपटत आले होते, तिच्या पाकळीला दाते असतात हे बघितलं नव्हतं. सिस्टरना एकदांडी सांगितली तर त्या हसल्या. मास्कवर डोळेच दिसायचे, पण हसल्याचं कळतं.

मे महिना येईपर्यंत मला जाणवलं की पाणी देताना आता मी हरवत नाही. काळजी तेवढीच होती, फोनवरचे आकडे रोज वाढत होते, ११ मेपासून वाशीची बाजार समिती आठवडाभर बंद झाली तेव्हा आमच्या गल्लीतले माथाडी कामगार दारात डोक्याला हात लावून बसले होते. पण सकाळी सहा ते साडेसात हा दीड तास माझं डोकं फक्त कळ्या, फांद्या आणि गवताकडे असायचं. सिस्टर वाट बघतील एवढंच त्यामागे होतं. मन शांत करायचं असं ठरवून मी कधी बसले असते तर जमलं नसतं.

हळूहळू कठड्याबाहेर सगळ्यांच्याच जागा ठरल्या. बाजारातून निवृत्त झालेले एक माथाडी आबा पिंपळाच्या समोर, आयटीतला एक मुलगा चहाचा कप घेऊन फाटकापाशी, दोन सुना दळणाच्या डब्यासह कोपऱ्यावर. पोलिसांची गाडी दिसली की सगळे चालायला लागायचे. प्रत्येकाच्या हातात पिशवी असायचीच. आबांना गावाकडच्या शेताची आठवण यायची, ते बाहेरून मला सूचना करायचे, “पोरी, त्या आळ्याला माती ओढ, मुळं उघडी पडलीत.” बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं. आयटीतल्या मुलाला चिंच आणि गुलमोहोर यातला फरक कळत नव्हता. जूनपर्यंत त्याला बारा झाडं ओळखता यायला लागली. या लोकांची आपसात ओळख नव्हती. एकाच इमारतीत तीन वर्षं राहून जी झाली नव्हती ती कठड्यापाशी झाली, कारण सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे असायचे. एके दिवशी आबा आले नाहीत तर आयटीतला मुलगा त्यांच्या घरी औषधं पोचवून आला. पत्ता दळणवाल्या सुनेला माहीत होता.

आमच्या घरमालकीण आजी आगरी, सत्तरीच्या पुढच्या. आम्ही त्यांच्याकडे दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. एप्रिलची एक तारीख उलटली तेव्हा मी संकोचून खाली गेले. काही बोलायच्या आत त्यांनी तांदळाच्या चार भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी माझ्या हातात दिली. “भारा ऱ्हाऊ दे गो, भाकर घे.” तीन महिने त्यांनी भाड्याचं नाव काढलं नाही. गावातल्या पोरांनी वेशीला बांबू बांधले होते, घरोघरी तांदूळ-डाळ पोचवत होते, आणि भाडेकरू कोण, गाववाले कोण हे त्यांनी बघितलं नाही.

आजींना एकदा मी बागेच्या पश्चिमेचा कोपरा दाखवला होता. काही लावा, तिथे जळून जातं. शेणखत घातलं, लाल माती भरली, उन्हाळा आला की जमिनीवर पांढरं फूल उमटतं, मिठाचं. त्यांनी पायाने माती उकरली आणि म्हणाल्या, “यो कोपरा नाय व्हायचा हिरवा. इथं आमची उघाडी व्हती.” खारजमिनीच्या बांधाला भरतीचं पाणी अडवायला आणि ओहोटीला आतलं सोडायला जी झडप असते ती उघाडी. ही बाग म्हणजे त्यांच्या भावकीचं भातशेत. १९७० मध्ये सिडको झाली, ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी गेल्या, भराव पडला, आणि त्या भरावावर आज मी झारी घेऊन फिरते. आजी बागेत आल्या की बाकावर कधी बसत नाहीत, कडेकडेने चालतात, बांधावरून चालावं तसं. हे लक्षात आल्यापासून मी त्यांना हिरवळीवरून चाललात म्हणून कधी हटकलं नाही. त्या कोपऱ्यात आता मी घोळ वाढू देते. तिला खार चालतो, भाजीही होते.

त्या दिवसांत मुलाच्या फोनवर मी साथींबद्दल मिळेल ते वाचत होते. त्यात मुंबईच्या प्लेगचं सापडलं. १८९६ मध्ये मांडवीच्या बाजूला प्लेग सुरू झाला, माणसं शहर सोडून पळाली, आणि १८९८ मध्ये सरकारने शहर सुधारण्यासाठी एक ट्रस्ट स्थापन केला. गर्दीच्या वस्तीत वारा खेळावा म्हणून त्याने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याला नवी वसाहत आखली, तिथली पाच उद्यानं आजही आहेत. त्याच ट्रस्टने गरिबांच्या जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत, हेही तिथेच वाचलं. दोन्ही वाचून मी बराच वेळ बसून राहिले. सव्वाशे वर्षांपूर्वी साथ आली तेव्हा माणसाला मोकळी हवा हवी हे ओळखून बागा आखल्या गेल्या, आणि आमच्या वेळी साथ आल्यावर आम्ही आधी बागांना कुलपं लावली. तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं, मी दोष देत नाही. पण उघड्यावर धोका कमी असतो हे नंतर सगळ्यांना कळलं. पुन्हा अशी वेळ आली तर एका खोलीत सहा जण राहणाऱ्या वस्तीतली बाग सगळ्यात शेवटी बंद व्हावी, अंतर राखायला माणूस उभा करावा, मी उभी राहीन, हे मी जिथे जिथे बोलता येईल तिथे बोलते.

३ जूनपासून ‘पुनश्च हरिओम’ म्हणत टाळेबंदी सैल झाली, सकाळी फिरायला परवानगी मिळाली. नेमकं त्याच दिवशी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं. आमच्याकडे फांद्याच पडल्या. दोन दिवसांनी बाग झाडून काढली आणि फाटक उघडलं तर पावसाळी लिली एका रात्रीत गुलाबी झाली होती. जुलैत शहरात पुन्हा टाळेबंदी लागली, मग सुटली. ते वर्ष असंच लावत-काढत गेलं.

दुसरी लाट मात्र वेगळी होती. पहिल्या लाटेत आजारी पडलेल्यांची नावं आम्ही ऐकायचो. एप्रिल २०२१ मध्ये कठड्यापाशी उभ्या राहणाऱ्यांच्याच घरात माणसं जायला लागली. बाग पुन्हा बंद होती. एक दिवस एक माणूस आला, चाळिशीचा, मी त्याला ओळखत नव्हते. त्याच्या आईचा दहावा होता. फुलवाला मिळाला नव्हता. “फोटोला घालायला थोडी फुलं मिळतील का?” एवढं बोलून तो ‘फुले तोडू नयेत’ या पाटीकडे बघत राहिला. ती पाटी मीच रंगवून घेतलेली. मी तगर आणि देवचाफा होता तेवढा सगळा उतरवला, पळसाच्या पानात बांधला आणि कठड्यावर ठेवला. पान इतकं जड झालं होतं की त्याला दोन्ही हातांनी उचलावं लागलं. त्या महिन्यात असे आणखी सहा जण आले. बागेत पांढरं फूल उरलं नाही.

एप्रिलच्या शेवटी माझे वडील गेले. जुन्नरला ऑक्सिजन लावला होता, तिसऱ्या दिवशी गेले. घरात नवऱ्याचा ताप नुकताच उतरलेला, जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. भाऊ फोनवर म्हणाला, “येऊन काय करणार ताई, आम्हालाही तोंड बघायला मिळालं नाही.” लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक. चौथ्या दिवशी मी कामावर आले. घरी बसवेना.

साडेसातला सिस्टर आल्या. मला वाटलं, आज विचारतील आणि मला काहीच सांगता येणार नाही, मी काही बघितलंच नव्हतं. माळीमामांनी त्यांना सांगितलं असावं. त्या नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ताई, आज मी सांगते. पंपघराच्या मागच्या बहाव्याला पहिला घोस आलाय. तुमच्या बाजूने दिसत नसेल, रस्त्यावरून दिसतो.”

त्या गेल्यावर मी पंपघराला वळसा घालून गेले. मागच्या अरुंद जागेत जुने पाइप टाकलेले असतात, तिकडे आम्ही क्वचितच जातो. मान वर केली तर खरंच, भिंतीपलीकडे झुकलेल्या फांदीला एक घोस लोंबत होता, वरची फुलं उमललेली, खाली टोकाकडे हिरव्या मण्यांसारख्या कळ्या. वडील म्हणायचे, बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस येतो, कांदा झाकून घ्या. मी त्या पाइपांवर बसले आणि चार दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडले. तिथून आवाज कुठे जात नाही.

१७ मेला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं. दिवसभर पत्रे उडत होते. संध्याकाळी मामांचा फोन आला, मोठा गुलमोहोर पडला. गुलमोहराची मुळं वरच्यावर पसरतात, त्यात खाली भराव, धरणार कशाला. पहाटे आम्ही पोचलो तर झाड कुंपणावर आडवं झालं होतं, कठडा आणि जाळी दोन्ही दहा-बारा फूट कोसळलेली. अर्ध्या तासात गावातली पोरं कोयते घेऊन आली, कुणी बोलावलं नव्हतं. आयटीतला मुलगा फांद्या ओढत होता, आबा लांब उभे राहून कुठे घाव घालायचा ते सांगत होते. फांद्यांवर अजून फुलं होती, ओलीचिंब, लाल. आजी जाळीच्या त्या खिंडारातून आत आल्या आणि नेहमीसारख्या कडेकडेने कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या.

साडेसातला बस थांबली. सिस्टर नेहमीच्या जागी आल्या, पण तिथे कठडा नव्हता. त्या क्षणभर थबकल्या, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, पाडव्याला मामांना हलवली होती तशी. त्या आत आल्या, ओल्या बाकावर बसल्या, बूट काढून पाय चिखलाच्या गवतावर ठेवले. मी त्यांच्यासाठी उत्तर तयार ठेवलं होतं, पडलेल्या गुलमोहराच्या फांदीत बुलबुलाचं घरटं शाबूत सापडलं होतं. सांगायला वळले तर त्यांचा डोळा लागला होता. मान एका बाजूला कललेली, पिशवी मांडीवर.

बाकाखाली सगळा पाला पडला होता. मी खराटा भिंतीला टेकवून ठेवला आणि पानं हाताने वेचायला लागले.